दोन आघाड्यांच्या आक्का

सर्वपित्री अमावास्येला एकाच माणसासाठी दोन पानं वाढणारी बाई कॅनडातल्या अख्ख्या हॅमिल्टनमध्ये एकच असावी, आणि ती आमच्या शेजारी राहायची. एक पान मागच्या डेकवर, पूर्वेच्या कठड्याला. दुसरं गराजच्या बाजूला, पश्चिमेला. दोन्हींवर सगळं तेच: भात, वरण, कढी, उडदाचे वडे, खीर. आम्ही तेव्हा नवीनच राहायला आलो होतो. मला वाटलं, एक आईचं असेल, एक वडिलांचं. तसं मी कुंपणावरून म्हटलंही.

“छे गं,” त्या म्हणाल्या, “दोन्ही माझ्या वडिलांचीच. कुठल्या बाजूनं येतील ते माहीत नाही ना.”

मी मनात म्हटलं, बाप्पा, म्हातारीचं जरा हललेलं दिसतंय. माझं हे नेहमीचंच आहे. आधी मत बनवायचं आणि मग माहिती घ्यायची. त्या रात्री दोन्ही पानं इथल्या भुरट्या रॅकून प्राण्यांनी साफ केली, आणि सकाळी त्यांचा मुलगा प्रकाश डेक धूत धूत पुटपुटत होता की आई, सिटीवाले दंडाचं तिकीट देतील एक दिवस. आक्का आतून म्हणाल्या, देऊ देत, तुझ्या आजोबांनी सरकारचं ऐकून काय मिळवलं ते आधी मला कळू दे.

लीलाआक्का निकम. माहेरच्या शेलार. सातारा जिल्ह्यात खडकवाडी नावाचं गाव, तिथून चालत तालुक्याच्या शाळेत जाऊन शिकल्या आणि पुढे त्याच शाळेत तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. यजमान गेल्यावर प्रकाशनं त्यांना इकडे आणलं. तो इथल्या पोलादाच्या कारखान्यात होता. वीस वर्षं इथे काढून आक्का या जानेवारीत गेल्या. बर्फ इतका पडला होता की फ्युनरल होमला जायला आम्हाला आधी दोन तास ड्राइव्हवे शोव्हल करावा लागला. त्यांना ते आवडलं असतं. कुठल्याही कामाला आधी रस्ता मोकळा लागतो, हे त्यांचं लाडकं तत्त्वज्ञान होतं.

उंचीला पाच फूटही नसतील. सहावारी साडी, पायात विंटर बूट, अंगात प्रकाशचा जुना पार्का, थंडीचा जाड कोट, तो त्यांना गुडघ्याखाली यायचा. आम्ही शहराच्या ज्या वरच्या भागात राहतो त्याला इथले लोक माउंटन म्हणतात. पहिल्या दिवशी आक्कांनी तो माउंटन खालून वर न्याहाळला आणि म्हणाल्या, आमच्याकडे याला बांध म्हणतात. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. मी नागपूरची, म्हणून माझं नावच नागपूर. “ए नागपूर, तुमच्याकडे वरणात साखर घालत नाहीत ना? मग ये जेवायला.” चूक दाखवताना त्यांना कुणाची भीड नसायची. देवळातल्या प्रवचनकाराची तारीख चुकली तरी मागून आवाज यायचा, “एक वर्ष अलीकडे घ्या.”

आणि त्यांच्या खोलीत युद्ध भरलेलं होतं. दुसरं महायुद्ध. लायब्ररीतून आणलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं, शेजारी डिक्शनरी, आणि दोन खतावणीसारख्या जाड वह्या. एकीवर लिहिलेलं ‘पश्चिम’, दुसरीवर ‘पूर्व’. दर पानावर हातानं काढलेले नकाशे. नद्या निळ्या, सैन्याच्या वाटा लाल. आफ्रिका, इटली, रशिया एकीत. मलाया, ब्रह्मदेश, इंफाळ दुसरीत.

वडील लढाईवर गेले तेव्हा आक्का आईच्या पोटात होत्या. घरी एकच पत्र आलं, की मुंबईत आहे, उद्या बोटीत बसवणार, कुठे ते सांगत नाहीत. त्यानंतर काही नाही. ना माणूस, ना तार. मुंबईहून बोट पश्चिमेला आफ्रिका-इटलीकडे जाणारी की वळसा घालून पूर्वेला ब्रह्मदेशाकडे जाणारी, हे शेलारांच्या घरात कुणालाच कळलं नाही.

“एकाच आघाडीवर गेलेत एवढं जरी कळलं असतं,” त्या म्हणायच्या, “तर मी अर्ध्या युद्धातून सुटले असते.”

मुद्दा एवढाच होता आणि तो त्या लपवत नसत. मरण्याआधी त्यांना कळायला हवं होतं, की पाणी कुठल्या दिशेला सोडायचं. साताऱ्यात असताना सोपं होतं, इटली मावळतीला, ब्रह्मदेश उगवतीला. इथे आल्यावर त्यांनी पृथ्वीचा गोल फिरवून पाहिला आणि चांगल्याच वैतागल्या. हॅमिल्टनहून इटली पूर्वेला, हे ठीक. पण ब्रह्मदेश बरोबर पृथ्वीच्या पाठीमागे. पूर्वेनं जा की पश्चिमेनं, अंतर तेवढंच. मुलानं मला अशा जागी आणून ठेवलंय, म्हणायच्या, जिथून माझा बाप दोन्हीकडून सारखाच लांब.

मराठी मंडळाची शाळा दर शनिवारी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये भरते. मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, आम्ही मराठीत ओरडतो, असं ते चालतं. आक्का तिथे वर्षातून एकदा महायुद्धाचा तास घ्यायच्या आणि त्या दिवशी एकही पोर घरी राहायचं नाही. जमिनीवर चादर अंथरायची, तिच्यावर खडूनं जग काढायचं, आणि पिशवीतून कडधान्यं निघायची. मसूर म्हणजे जर्मन. मूग म्हणजे जपानी. हरभरे रशियन, वाटाणे अमेरिकन, तांदूळ इंग्रज आणि कॅनडावाले. मटकी म्हणजे आपले. मटकी चादरीवर दोन्हीकडे सांडलेली असायची.

मग त्या गुडघे मोडून मधोमध बसायच्या, अटलांटिकमध्ये, आणि सांगायच्या. हे तलवारीनं जिंकलेलं युद्ध नाही रे पोरांनो. हे बोटींनी, ट्रकांनी आणि रशियाच्या पोरांनी जिंकलं. तुमच्या या गावच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत होत्या, तेव्हा तिकडे रणगाडा पुढे सरकत होता. आणि जिंकले ते स्वयंपाक येत होता म्हणून. दोन चुली पेटलेल्या, माणसं तेवढीच, लाकूड तेवढंच. मग शहाणी बाई काय करते? एक भांडं मंद आचेवर ठेवते आणि दुसरं आधी उतरवते. दोस्तांनी ठरवलं, आधी जर्मनीचं भांडं उतरवायचं, जपानचं मंद आचेवर राहू दे. बर्लिनचं उतरवलं, मग सगळं लाकूड तिकडे सारलं.

इतकं सोपं मला नागपूरच्या कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कारणे व परिणाम, प्रत्येकी पाच.

तास संपला की मुलं धान्य गोळा करायची, आणि आक्कांच्या मुठीत एक मटकीचा दाणा उरलेला असायचा. प्रकाशच्या रियानं एकदा विचारलं, “आजी, व्हेअर डझ दॅट वन गो?” आक्का म्हणाल्या, ते मला माहीत नाही बाळा, आणि दाणा पदराच्या टोकाला बांधून टाकला.

त्यांच्या खोलीत वडिलांचा फोटो नव्हता, कारण तो काढलाच गेला नव्हता. फोटो होता चुलत्यांचा. सखारामदादा. फेटा, मोठाल्या मिशा, आणि कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी खाली बघणारे डोळे. आक्कांच्या बोलण्यात बापाची जागा दादांचीच होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दादा त्यांना खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचे आणि शाळा सुटेपर्यंत पलीकडेच थांबायचे. मुलीला एवढं कशाला शिकवता म्हणून भावकी बोलली, तर दादांनी भावकीचा पाणउतारा केला. स्वतःच्या दोन मुलांना सातवीतून काढलं आणि पुतणीला मास्तरीण केलं. रोज संध्याकाळी त्या फोटोपुढे निरांजन लागायचं. स्मोक अलार्म वाजेल म्हणून प्रकाश धास्तावलेला असायचा.

दादांची एक गोष्ट आक्का फार रंगवून सांगत. गावात ती पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. लढाई संपत आली होती तेव्हा एके दिवशी पोस्टमन सरकारी कागद घेऊन आला. इंग्रजीत. शाळेच्या मास्तरांनी पारावर वाचून दाखवला: शिपाई सखाराम रामजी शेलार लढाईत कामी आला, सरकारला दुःख होत आहे. आणि सखाराम रामजी शेलार समोर उभे, हातात बैलाचा कासरा. अख्खा पार हसून हसून लोळला. सरकारनं जित्या माणसाला मारला! खोटी मरणाची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणून दादांनी गावात गूळ वाटला. आक्का हे सांगताना मास्तरांचा आवाज काढायच्या, पोस्टमनचा चेहरा करायच्या. मी चार वेळा ऐकलं असेल आणि चारही वेळा हसले.

फक्त एकदा त्या सहज बोलून गेल्या, की आई कधी हसायची नाही हं या गोष्टीला. उठून आत जायची. तिला वाटत असेल, ज्यांची बातमी यायला हवी त्यांची येत नाही आणि भलतीच येते.

दादा पिकल्या पानासारखे गेले. जाताना आक्कांचा हात धरून म्हणाले, “माझे दिवस घालू नका. ते कवाच घातल्यात.” म्हातारपणी माणूस काहीही बोलतं. दिवस अर्थातच घातले, लाडूचं जेवण झालं.

आता माझी लाज सांगते. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात काम करते. हरवलेली माणसं कागदातून शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि अकरा वर्षं शेजारी राहून मला एकदाही सुचलं नाही की आक्कांच्या वडिलांना आपण शोधावं. त्यांनी स्वतः किती पत्रं घातली होती! दिल्लीला, लंडनला, कुठे कुठे. ‘मारुती रामजी शेलार, खडकवाडी.’ सगळीकडून एकच उत्तर: या नावाची नोंद आढळत नाही. ती उत्तरं फायलीत लावलेली होती. मी ती फाइल पाहिली होती, चहा पिता पिता.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक पेशंट सापडेना. नाव चुकीचं, जन्मतारीख चुकीची. अशा वेळी आम्ही एक करतो. माणसाचं नाव सोडून द्यायचं आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव टाकायचं. माणूस स्वतःबद्दल हजार थापा मारतो, पण इमर्जन्सी कॉन्टॅक्टला बायकोचं नाव बहुतेक खरं असतं. पेशंट दोन मिनिटांत सापडला आणि मला आक्कांची ती फाइल आठवली.

घरी आले, लॅपटॉप उघडला. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी आता ऑनलाइन असतात. सैनिकाच्या नावाची जागा रिकामी ठेवली. बायको सोनाबाई, हे आक्कांच्या आईचं नाव. गाव खडकवाडी, जिल्हा सातारा.

एकच ओळ आली. शिपाई सखाराम शेलार. रामजी शेलार यांचा मुलगा, सोनाबाई यांचा नवरा, राहणार खडकवाडी. ठिकाण ब्रह्मदेश. कबर नाही, स्मारकाच्या खांबावर नाव. तारीख पाहिली. युरोपात विजयाचे नाच होऊन गेल्यानंतर पाच आठवड्यांची.

मला पहिल्यांदा वाटलं ते सांगायलाही नको. दादांचं नाव आणि बायको म्हणून आक्कांची आई? मी घाबरले. वाटलं, यात काहीतरी घाण आहे आणि ती या वयात बाईपुढे कशाला न्या. दोन दिवस त्या नोंदीचा छापील कागद पर्समध्ये घेऊन फिरले. मग गेलेच. त्या डेकवर मेथी निवडत बसल्या होत्या.

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता किंचाळतील, नाहीतर मला हाकलतील. त्यांनी कागदाची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाल्या, “वहिनीचं नाव नाही घेतलं गं त्यांनी.”

मला काही कळेना. मग त्यांनी मला समजावलं, शाळेत समजावत असतील तसं, एक एक पायरी. नाव लागलं होतं दादांचं. भरती झाली होती दादांची. आणि हजर व्हायच्या दिवशी गेला धाकटा भाऊ, थोरल्याच्या नावावर. नाव विचारलं, सांगितलं सखाराम. बापाचं नाव रामजी, ते दोघांचं एकच. मग कारकुनानं विचारलं असेल, बायकोचं नाव? तिथे खरं म्हणजे दादांच्या बायकोचं नाव सांगायला हवं होतं. पण थोरली वहिनी म्हणजे आई. तिला बायको कसं म्हणायचं, कागदावरसुद्धा? बाकी सगळं खोटं बोलून झालं आणि बाबा तिथे अडले. तिथे खरं बोलून बसले.

“दादांनी पाठवलं का बाबा आपणहून गेले, हे आता कोण सांगणार?” त्या म्हणाल्या. मेथीची जुडी तशीच मांडीवर होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की आक्का, निदान कळलं तरी. ब्रह्मदेश. एवढी वर्षं तुम्ही हेच शोधत होता.

“गूळ वाटला गं त्यांनी,” आक्का म्हणाल्या. “भावाच्या मरणाचा गूळ. मी तीन वर्षांची होते. गूळ दिल्यावर खाल्लाच असणार.”

मी उठून त्यांच्या मांडीवरची मेथी घेतली आणि निवडत बसले.

त्यानंतर आक्का तशा राहिल्या नाहीत. भांडत नव्हत्या, चुका काढत नव्हत्या. मला नागपूर म्हणून हाकही येईना. संध्याकाळी निरांजन लागणं बंद झालं. फोटो भिंतीवरच होता, पण त्याच्या खालून जाताना त्या मान खाली घालून जायच्या, दादा त्या फोटोत बघायचे तशी. प्रकाश मला एकदा ड्राइव्हवेत गाठून म्हणाला, ताई, तुम्ही हे शोधलं नसतं तर बरं झालं असतं का हो? चिडून नाही, खरंच विचारत होता. मी म्हटलं, मला नाही माहीत रे. आजही माहीत नाही.

अधूनमधून एखादं वाक्य यायचं. “आईला अहेव नेली मी,” एकदा म्हणाल्या. “हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, बायकांनी पाया पडून ओट्या भरल्या. चाळीस वर्षं झाली होती तिला रांडाव होऊन.” आणि थोड्या वेळानं, “तो कागद आईच्या नावानं आला असणार. पोस्टमननं हाक आधी तिलाच मारली असणार. तिला कळलं असेल का गं?” आईनं हयातभर कुंकू लावलं ते काही माहीत नव्हतं म्हणून, की सगळं माहीत होतं आणि दिराचं घर मोडू नये म्हणून, या एका प्रश्नाशी त्या झोंबत बसायच्या. आणि तसाच दुसरा. दादांनी खांद्यावर बसवून ओढा पार केला ती माया होती की परतफेड? मी म्हटलं, दोन्ही असेल आक्का. तर म्हणाल्या, मला दोन्ही दोन्ही ऐकून वीट आलाय.

सप्टेंबरात शाळेचा महायुद्धाचा तास आला. आम्हाला वाटलं नको म्हणतील, पण आल्या. चादर अंथरली, जग काढलं. या वेळी आफ्रिका जरा वाकडीच आली. बोटी झाल्या, ट्रक झाले, रशियाची पोरं झाली. मुलं वाट बघत होती, कारण चुलींची गोष्ट त्यांची पाठ होती. आक्का म्हणाल्या, दोन चुली पेटलेल्या. शहाणी बाई काय करते? एका पोरानं ओरडून सांगितलं, “कीप्स वन ऑन लो!”

आक्कांनी पदराची गाठ सोडली. इतक्या वर्षांचा तो मटकीचा दाणा काढला आणि ब्रह्मदेशात ठेवला, पावसाळ्यात वाहणाऱ्या एका नदीच्या काठाला.

“मंद आचेवरच्या भांड्यातही माणसंच शिजत होती रे,” त्या म्हणाल्या. “तिकडे लोक नाचत होते. युद्ध संपलं म्हणून मिठ्या मारत होते. आणि इकडे...” तेवढ्यावर तास थांबला. मुलं गोंधळली. रियानं जाऊन आजीच्या गळ्यात हात टाकले आणि बाकीच्यांनी गुपचूप धान्य गोळा केलं. तो दाणाही कुणीतरी पिशवीत टाकला, नेमका कुठला ते कळायला मार्ग नव्हता.

सर्वपित्रीला मी मुद्दाम सकाळीच कुंपणापाशी उभी राहिले. मला वाटलं होतं, आता एकच पान दिसेल. दोन होती. एक डेकच्या मधोमध, बाबांचं. पृथ्वीच्या पाठीमागून कुठूनही या म्हणून. दुसरं गराजपाशी, जरा बाजूला, कुणाला बोलावलंय पण आत घ्यायचं नाही अशा जागी. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “दादांचे दिवस लोकांनी दोनदा घातले. एकदा गूळ खाऊन, एकदा लाडू खाऊन. बाबांसाठी रडलं कुणीच नाही. आणि मी रडले ते चुकीच्या माणसासाठी.” मग म्हणाल्या, “माफ नाही करणार मी. पण उपाशी नाही ठेवणार.” त्या दिवशी दोन्ही पानं कावळ्यांनी खाल्ली की रॅकूननी, मला ठाऊक नाही. मी पडदा ओढून घेतला होता.

आमच्या भागात एका छोट्या पार्कात युद्धस्मारकाचा दगड आहे. अकरा नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, सकाळी तिथे पन्नास-साठ माणसं जमतात. बिल नावाचे एक निवृत्त हेडमास्तर माइक धरून असतात, आणि ज्यांच्या घरचं कुणी गेलं असेल ते पुढे येऊन नाव सांगतात, कुठे गेला ते सांगतात. इटली. हॉलंड. हाँगकाँग. आता सांगणारे नातू आणि पणतू असतात. आक्का वीस वर्षं तिथे जायच्या आणि वीस वर्षं मागे, मेपलच्या झाडाखाली उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे नाव होतं, जागा नव्हती. अर्धवट उत्तर त्यांनी विद्यार्थ्यांचंही कधी चालवून घेतलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही त्यांना प्रकाशच्या गाडीतून नेलं. वॉकर होता, टोपी होती, त्यावर पार्काचं हुड. गाडीत त्या म्हणाल्या, आज मी बोलणार. प्रकाशला बरं वाटलं. तो म्हणाला, आई, साधं मारुती शेलार एवढंच म्हण.

“ते नाव तिथं खांबावर नाही,” आक्का म्हणाल्या.

“मग सखाराम शेलार म्हण.”

“ते नाव त्यांचं नाही.”

प्रकाशनं वेग आणखी कमी केला. विंटर टायर्स अजून घातले नव्हते, त्यामुळे तो आधीच जपून चालवत होता.

त्यांची पाळी आली तेव्हा वारा सुटला होता. वॉकर ढकलत त्या दगडापाशी पोचेपर्यंत लोक थांबून राहिले. बिलनी माइक खाली धरला, त्यांच्या उंचीपर्यंत. आक्कांनी हातातले मोजे काढले, ते पायाशी पडले. मग त्यांनी समोर पाहिलं आणि त्यांच्या त्या सातारी इंग्रजीत, वर्गात बोलत तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “हजबंड ऑफ सोनाबाई. खडकवाडी. डाइड इन बर्मा, आफ्टर एव्हरीबडी वॉज डान्सिंग.”

बिलच्या हातात कागद होता, त्यावर ते नावं लिहून घेत होते. पेन टेकवून ते थांबले. अगदी अदबीनं वाकून विचारलं, “अँड हिज नेम, मॅडम?”

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. युद्धनोंदीच्या त्या छापील कागदावर खरं असं एकच होतं, आणि ते त्यांनी सांगून टाकलं होतं.

“माय मदर नेव्हर सेड इट,” त्या म्हणाल्या.

बिलनी मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. आक्का वळून आमच्याकडे आल्या. मी खाली पडलेले मोजे उचलून आणले होते. त्यांची बोटं गारठून वाकेनाशी झाली होती, म्हणून त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात माझ्यापुढे धरले, आणि मी एकेक बोट बघून मोजे घातले.

“चल, नागपूर,” त्या म्हणाल्या, “घरी जाऊ.”